रीडिंग पेन्सिलीनेच लिहावे

१

आमच्या कॉलेजात प्रॅक्टिकलला नापास व्हायचं तर फार कष्ट घ्यावे लागतात. कारण उत्तर काय यायला हवं ते सगळ्यांना आधीच ठाऊक असतं. पुस्तकाच्या शेवटी 'प्रमाण मूल्य' म्हणून ते छापलेलंच असतं. मुलं त्या उत्तरापासून उलटं चालत येतात आणि वाटेत लागतील तशी रीडिंग तयार करतात. याला आमच्याकडे 'जुळवणे' म्हणतात. मीही जुळवलंय. माझ्या सरांनी जुळवलं होतं आणि बहुधा त्यांच्याही सरांनी.

मी स्पृहा. फिजिक्स शिकवते, तेही तासिका तत्त्वावर, यंदा नववं वर्ष. कॉलेज बिबवेवाडीच्या चढावर आहे. खालून मार्केट यार्डाकडचं वारं आलं की स्टाफरूममध्ये कांद्याचा वास येतो आणि मग कुणी डबा उघडत नाही. या वर्षी अभ्यासक्रम बदलला. नवी प्रात्यक्षिक पुस्तिका काढायची ठरली आणि तिची शेवटची दोन पानं माझ्या गळ्यात पडली. इलेक्ट्रॉन, प्रोटॉन, न्यूट्रॉन, म्युऑन यांची वस्तुमानं, भार, आयुष्यं वगैरे. स्थिरांकांचं कोष्टक.

"कॉपी-पेस्ट तर आहे," आमच्या विभागप्रमुख हेमा मॅडम म्हणाल्या. "त्यात काय एवढं?"

त्यात काय एवढं ते मला तीन दिवसांत कळलं. लायब्ररीतल्या तीन पुस्तकांत शेवटचे आकडे तीन तऱ्हेचे होते. एका गाइडात प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉनचे घातांक एकमेकांच्या घरी राहायला गेले होते. नेटवर तर आनंदच. शेवटी मी थेट मुळाशी गेले. जगभरातली मोजमापं ताडून दर काही वर्षांनी नवे आकडे ठरवणारी एक समिती आहे. तिच्या यादीत बहुतेक आकड्यांच्या शेपटीला एक छोटा कंस असतो. इथपर्यंत आमची खात्री, यापुढे नाही, एवढंच तो कंस सांगतो. मला तो फार आवडला. आपली खात्री कुठे संपते हे लिहून देणारी माणसं मी पुण्यात तरी पाहिलेली नव्हती.

त्या कंसानंच मला फितवलं. मी ठरवलं, कोष्टकाखाली एक तळटीप टाकायची. आपल्याच प्रयोगशाळेत, आपल्याच मुलांनी, न जुळवता मोजलेला एक तरी आकडा.

२

इलेक्ट्रॉनचा भार भागिले त्याचं वस्तुमान. हा आकडा मोजायचं उपकरण आमच्याकडे आहे आणि ते डार्करूममध्ये आहे. नारळाएवढा काचेचा गोळा, त्याच्या दोन्ही बाजूंना तांब्याच्या तारांची वेटोळी. अंधार करून बटण दाबलं की गोळ्यात इलेक्ट्रॉनची धार सुटते आणि चुंबकाच्या जोरानं वळून तिचं एक कडं तयार होतं. फिकट निळं, अधांतरी. त्या कड्याची रुंदी मोजायची की झालं. मला तर ते कडं पाहिलं की अजूनही पहिल्या वर्षाला असल्यासारखं वाटतं.

डार्करूम म्हणजे मोठ्या प्रयोगशाळेचा कोपरा, काळा जाड पडदा लावून तोडलेला. आत एक टेबल, एक स्टूल. पडद्याबाहेर भिंतीला हातानं रंगवलेली पाटी: 'रीडिंग पेन्सिलीनेच लिहावे. सहीशिवाय बाहेर जाऊ नये. कारण विचारू नये.' पाटी आमचे लॅब असिस्टंट सुखदेव यांची. नोकरीला तेहेतीस वर्षं, घर मूळ बिबवेवाडी गावातलं, शब्द मोजून. त्या उपकरणाचं एक वेगळं रजिस्टरही आहे. मुलं त्यात पेन्सिलीनं उत्तर लिहितात, सुखदेव बघतात आणि सही करतात.

मी ते रजिस्टर चाळलं. १.७६. १.७६. १.७६. पुस्तकात छापलेलं अगदी तेच, पानामागून पान, वर्षामागून वर्ष. एखादं १.७४ नाही की १.७९ नाही. माझ्या मुलांना मी ओळखते. त्यांना वर्गाचा दरवाजासुद्धा पहिल्या खेपेला सापडत नाही.

"सगळ्यांचं बरोबर कसं येतं हो, सुखदेव?"

"हुशार हायेत," ते म्हणाले आणि रजिस्टर मिटून ठेवलं.

३

न जुळवता मोजायला मला एकच मुलगी ठाऊक होती. ऋतिका पोकळे, तिसरं वर्ष, धायरीची. घरची शेती प्लॉटिंगमध्ये गेलेली, घरात कॉलेजात पोचलेली ही पहिलीच. गेल्या वर्षी तिनं उत्तर जुळवायला नकार दिला आणि दहा मार्क घालवले होते. मी तिला तळटिपीचं सांगितलं. तिचं नाव छापायचं हेही सांगितलं. तिचा चेहरा असा उजळला की मलाच भरून आलं.

"मॅडम, तुम्ही पहिल्या आहात ज्यांनी मला 'परत मोज' म्हटलं. बाकी सगळे 'परत लिही' म्हणतात."

सोमवारी सकाळी साडेआठला ती पडद्याआड गेली. वीस मिनिटांनी आतून हाक आली.

"मॅडम, सिरीयसली, दोन पॉइंट झिरो टू येतंय."

"परत मोज."

तिनं सात वेळा मोजलं. २.०२. मी आत जाऊन स्वतः मोजलं. २.०२. व्होल्टमीटर बदलला, वेटोळी तपासली, टेबलाखाली कुठे लोखंड आहे का ते पाहिलं. मग आम्ही दोघींनी ते उपकरण उचललं आणि शेजारच्या वर्गात नेऊन खिडक्यांना चादरी लावल्या. १.७७. परत डार्करूममध्ये आणलं. २.०२.

आम्ही एकमेकींकडे बघितलं आणि दोघीही हसायला लागलो. अंगावर काटा आला होता, पण आनंदाचा. नऊ वर्षं मी लोकांचे आकडे फळ्यावर उतरवत आले होते. आणि इथे, कांद्याच्या वासाच्या कॉलेजात, एका कोपऱ्यात इलेक्ट्रॉन ऐकत नव्हता.

पडद्याबाहेर सुखदेव उभे होते. "जुळवून टाका, मॅडम."

"अहो, पण हे खरं आहे!"

"म्हणून तर," ते म्हणाले.

४

त्या दुपारी मी रजिस्टर खिडकीपाशी नेलं आणि मोबाइलचा टॉर्च पानावर आडवा धरला. खोडलेल्या पेन्सिलीचा चर कागदात राहतो. आडव्या उजेडात तो वर येतो.

प्रत्येक १.७६ च्या खाली दुसरा आकडा होता.

पहिल्या पानांवर १.७८. मग १.८०, १.८१. मध्यावर १.८७. करोनानंतर १.९५, १.९८. वेगवेगळी मुलं, वेगवेगळी अक्षरं, आणि आकडा मात्र एका संथ चालीनं चढत आलेला. कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, कारण प्रत्येकानं आपलंच चुकलं असं समजून खोडलं होतं. मी हेमा मॅडमना फोन लावला आणि नीट बोलताच येईना.

"स्पृहा, पाणी पी," त्या म्हणाल्या. "आणि पुस्तिकेचं मॅटर आजच प्रेसला जायला हवं."

ते गेलं. तळटीप मी रिक्षावाल्याच्या घाईनं टाइप केली: 'आमच्या प्रयोगशाळेत प्रत्यक्ष मोजलेले मूल्य २.०२. मापन: ऋतिका पोकळे.' चारशे प्रती, सात कॉलेजांना.

मग मी सुखदेवना विचारलं, का पुसायचं?

ते उपकरणाची काच पुसत होते. "मी लागलो तवा आधीचे दळवी होते. ते म्हणाले, पुसत जा. दिसंल ते पुसायचं आन पुस्तकातलं लिहायचं. मी पोरांकडनं पुसून घेतो."

"आणि पुसलं नाही तर?"

"कुणी ठेवलंच न्हाई अजून."

अशी अंधश्रद्धा फिजिक्सच्या प्रयोगशाळेत चालवून घ्यायची नाही, असं मी त्यांना सुनावलं. पाटी उतरवली. दुसऱ्या दिवशी ऋतिकाच्या हातात माझं शाईचं पेन दिलं आणि रजिस्टरमध्ये २.०२ लिहायला लावलं. तेहेतीस वर्षांतलं पहिलं खरं रीडिंग. आम्ही त्याचा फोटोही काढला.

५

बुधवारी २.०७ आलं.

तीस वर्षांत जेवढं चढलं त्याची चाल बघता हे एका दिवसात फार होतं. पण मी खूश झाले. चढणारी गोष्ट मोजायला सोपी जाते. ऋतिकानं तेही शाईनं लिहिलं. तिला आता बाहेर यायलाच नको असायचं. कॅन्टीनचा वडापाव मी तिला पडद्याखालून सरकवत होते.

त्या दिवशी एक बारीकशी गोष्ट मला खटकली. कडं हिरवट दिसत होतं. निळ्याचं हिरवं होत गेलं असावं. मी डोळे चोळले. पडदा थोडा सरकवला तर बाहेरच्या उजेडात ऋतिकाची ओढणी दिसली, हळदीसारखी पिवळी. ती बाहेर आली तेव्हा ओढणी पोपटी होती. सकाळीही पोपटीच होती.

घरी जाताना रिक्षात मी वहीच्या मागच्या पानावर हिशेब मांडला. आकडा चढतोय म्हणजे इलेक्ट्रॉन हलका होतोय. हलका झाला तर रंग तांबड्याकडे सरकणार. बरोबर. अणू पसरणार. बरोबर. म्हणजे त्या कोपऱ्यातली प्रत्येक वस्तू किंचित मोठी. टेबल मोठं, स्टूल मोठं, मोजायची पट्टीसुद्धा तेवढीच मोठी. म्हणून पट्टीला ते कधी कळायचंच नाही. आत बसलेल्याला सगळं जागच्या जागीच वाटणार. मला इतका आनंद झाला की मी रिक्षावाल्याला वीस रुपये जास्त दिले. पुण्यात हेही एक कुणी न मोजलेलं आश्चर्य.

जिन्यात मला आठवलं की दुपारी ऋतिकाचा आवाज बसल्यासारखा वाटत होता. एसी नाही, फॅन नाही, सर्दी कशानं झाली असेल? मी कुलूप काढलं आणि विषय सोडून दिला. विषय सोडून देता येतो, हे मला तोवर माझ्या बाबतीत माहीत नव्हतं.

६

गुरुवारी सकाळी मला पोचायला उशीर झाला. लॅबमध्ये दुसरी बॅच नव्हती. सुखदेव दाराशी स्टुलावर बसले होते, हातात खोडरबर, कशाला कुणास ठाऊक.

"किती वेळ आत आहे ती?"

"साडेसातपास्नं." ते माझ्याकडे बघत नव्हते. "हाक मारा. मी मारली. मला न्हाई पुन्हा ऐकायचं."

मी पडद्यापाशी गेले. आत तारांचा नेहमीचा गुंगुं आवाज येत होता, पण खालच्या पट्टीत, कुणीतरी हार्मोनियमचा सूर दोन घरं खाली घेतल्यासारखा.

"ऋतिका?"

"हो, मॅडम."

आवाज तिचाच होता. शब्द उच्चारण्याची तऱ्हा तिची होती, शेवटचा 'म' लांबवायची सवयही तिची. पण तो आवाज फार मोठ्या छातीतून येत होता. पायाखालच्या फरशीत तो मला आधी लागला आणि मग कानाला.

"दोन पॉइंट एकवीस येतंय, मॅडम. भारी ना?"

"बाहेर ये, बाळा."

"एक शेवटचं घेते. रजिस्टर देऊ का? तुम्ही बघा तरी."

पडदा हलला. कडेच्या फटीतून रजिस्टर बाहेर आलं आणि ते धरणारी बोटं. नखांवर परवाच लावलेलं गुलाबी नेलपॉलिश होतं, पण गेरूच्या रंगाचं दिसत होतं. अंगठ्यावर तिचा तीळ होता. लहान बटाट्याएवढं एकेक बोटाचं पेर. मागे फटीत, तिचं डोकं जिथे असायला हवं तिथे खांदा होता.

उजेडात येता येता ती बोटं लहान होत गेली. रजिस्टर माझ्या हातात आलं तेव्हा तिचा हात तिचाच होता, आणि मनगटापलीकडे पडद्याआड काय होतं ते मी पाहिलं नाही. मी पडदा बाजूला केला नाही. एका झटक्यात होईल असं काम होतं, पण माझ्यानं झालं नाही.

"दिसतंय ना, मॅडम?" फरशी म्हणाली.

७

रजिस्टरमध्ये शाईनं २.०२, २.०७, आज सकाळचं २.१४. आणि आता २.२१, शाई ओली.

सुखदेवनी माझ्यापुढे खोडरबर धरला. मी खोडायला लागले. शाई नुसती फासली. मी थुंकी लावली, तीही पसरली. पान फाडायला हात घातला तर त्यांनी माझं मनगट धरलं.

"फाडलं म्हंजी पुसलं न्हाई, मॅडम. ते कुठंतरी राहतंच."

मग त्यांनी शर्टाच्या खिशातून अर्धं ब्लेड काढलं. पूर्वी मुलं वहीतली चूक अशीच काढायची. मी टेबलावर वाकले आणि एकेक आकडा खरवडायला लागले. कागदाचा भुगा उडत होता. आतून ती कड्याबद्दल काहीतरी सांगत होती, किती सुंदर, आता अगदी सोनेरी. मला तिचं ऐकायचं नव्हतं आणि तिनं बोलणं थांबवू नये असंही वाटत होतं. मी रडत होते, हे नंतर पानावरचे ठिपके पाहून कळलं.

चारही ठिकाणी पेन्सिलीनं १.७६ लिहिलं. सुखदेवनी चार सह्या केल्या.

गुंगुं आवाज थांबला, की वरच्या पट्टीत गेला, सांगता येणार नाही. पडदा सरकला आणि ऋतिका बाहेर आली. पोपटी ओढणी, साडेपाच फूट, डोळे चोळत.

"काय झालं मॅडम? तुम्ही रडताय? किती आला शेवटी?"

"एक पूर्णांक शहात्तर," मी म्हणाले.

तिनं रजिस्टर पाहिलं, खरवडलेला कागद पाहिला. चेहरा पडला तिचा. "तुम्हीपण?" एवढंच म्हणाली आणि बॅग उचलून निघून गेली. जिवंत होती, आपल्या पायांवर होती, एका दारातून सरळ मावली होती. मला एवढं पुरे होतं. सुखदेवनी पाटी परत लावली. मी खिळा धरला.

८

शुक्रवारी सकाळी आंघोळ करताना मला तळटीप आठवली.

ओल्या केसांनीच मी शुक्रवार पेठेतल्या प्रेसला फोन लावला. मालक हिंमतराव नेहमीच्या थंडपणानं म्हणाले, "कालच गेली की मॅडम, सातही बंडलं. वेळेवर काम झालं तर पुण्यात लोकांना धक्का बसतो, मला माहितीये. आणि तुमची ती विद्यार्थिनी संध्याकाळी येऊन पाच प्रती घेऊन गेली. नाव छापलंय म्हणे. जरा रुसलेली वाटत होती."

मी अर्धं ब्लेड पर्समध्ये टाकलं आणि रिक्षा पकडली. धायरी. सिंहगड रोडला गर्दी होती, नेहमीसारखी. चारशे प्रतींचं पुढचं पुढे, आधी त्या पाच. राजाराम पुलाच्या अलीकडे फोन वाजला.

"मॅडम, मी शकू बोलती, ऋतिकाची आई." बाई घाबरल्या होत्या आणि घाबरल्याचं दाखवत नव्हत्या. "तुमचं पुस्तक लई छान हाय. पोरीचं नाव आलंय, आळीत समद्यांना दाखवून झालं. कालच्याला रडत आली व्हती, पुस्तक उघडलं आन हसायलाच लागली. म्हणली, मॅडमनी पुसलं तरी हितं हाय."

"ती कुठे आहे?"

"आतल्या खोलीत. पुस्तक घेऊन बसलीया रातच्यापास्नं. पडदा लावलाय." बाईंचा आवाज खाली आला. "मॅडम, सर्दीनं आवाज एवढा जड होतो का वं? कपाटातली भांडी वाजत्यात."

"ताई, तुम्ही आत जाऊ नका. तिला म्हणावं, पुस्तकाचं शेवटचं पान बाहेर दे. मी आलेच, अर्ध्या तासात. मी ते खरवडते."

"घ्या, तीच बोलती म्हणती."

फोन पडद्यापाशी नेल्याचा आवाज आला. मग बराच वेळ नुसता श्वास. रिक्षाचा आरसा त्यानं थरथरत होता, की इंजिनानं, मी ठरवू शकले नाही. रिक्षावाल्यानं मागे वळून बघितलं.

"मॅडम," ऋतिका म्हणाली. किती आनंदात होती ती. "आपला आकडा बरोबर होता. आता कुणी जुळवू शकणार नाही."

"ऋतिका, बाळा, ऐक. ते पान..."

"छापलेलं कसं पुसणार, मॅडम?"